वजन न वाढवता भार

पुणे जिल्ह्यातल्या पेठच्या आसपासच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. काढणीच्या दिवसांत गोण्यांनी भरलेले पिकअप आणि टेम्पो पुणे-नाशिक महामार्गाला लागतात. कुणी अवसरी घाट उतरून मंचरच्या बाजाराकडे जातं, कुणी खेड-चाकणमार्गे पुण्याकडे. त्याच रस्त्यावर, त्याच टेम्पोंना मागे टाकत, डिकीवर मोठा काळा पंख बसवलेली एखादी गाडी निघून जाते. पंख बसवणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो, ‘याने गाडी रस्त्याला चिकटून चालते.’ पिकअपवाल्याला विचारलं तर तोही काहीसं असंच सांगतो: रिकामी गाडी उडते, भरलेली गाडी रस्ता धरते.

दोघांनाही हवं आहे ते एकच. टायर रस्त्यावर नीट दाबला जावा. पण गोणीने येणारा दाब आणि वाऱ्याने येणारा दाब यांत एक मोठा फरक आहे, आणि शर्यतीच्या गाड्यांचं गेल्या साठ वर्षांतलं जवळजवळ सगळं वायुशास्त्र त्या एका फरकावर उभं आहे. तो फरक समजला की पंख, स्पॉयलर, स्प्लिटर, डिफ्यूझर ही सगळी मंडळी आपोआप उलगडतात. आणि आपल्या घाटात त्यांचा किती उपयोग होतो, याचं उत्तरही साध्या गणिताने निघतं.

सुरुवात टायरपासून करू. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिला आत ओढणारं बल लागतं. ते बल देतं फक्त टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. चार टायरांचे रस्त्याला टेकणारे भाग प्रत्येकी साधारण तळहाताएवढे. वळणं, थांबणं, वेग घेणं, सगळं त्या चार तळहातांवर. टायर जितक्या जोराने रस्त्यावर दाबला जाईल, तितकं जास्त घर्षण तो देऊ शकतो.

मग डिकीत ५० किलोची बटाट्याची गोणी टाकली तर? टायरवरचा भार वाढला, घर्षण वाढलं, हे खरं. पण गाडीचं वस्तुमानही ५० किलोने वाढलं, आणि आता तेवढी जास्त जड गाडी वळवायची आहे. हजार किलोच्या गाडीला पाच टक्के जास्त पकड मिळाली, तर वळवण्यासाठी लागणारं बलही पाच टक्क्यांनी वाढलं. हिशेब जुळून शून्यावर आला. उलट टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच भरते. म्हणजे भरलेली गाडी स्थिर वाटते, पण वळणावर ती जास्त वेगाने जाऊ शकत नाही.

आता कल्पना करा, गोणीचा दाब आला पण गोणी आली नाही. टायर ५० किलोने जास्त दाबला गेला आणि गाडी मात्र हजार किलोचीच राहिली. मग पकडीतली वाढ निव्वळ नफा. वळण जास्त वेगाने घेता येईल, ब्रेक लावल्यावर गाडी कमी अंतरात थांबेल. वस्तुमान न वाढवता चाकांवर भार वाढवणं, याचंच नाव डाउनफोर्स. आणि चालत्या गाडीला असा भार देऊ शकणारी एकच गोष्ट भोवताली फुकट उपलब्ध आहे, ती म्हणजे हवा.

हवा हलकी असते हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. पेठच्या उंचीवर हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण साडेनऊ टन भरतो. एका छोट्या गाडीचं वरून दिसणारं क्षेत्रफळ सहा-सात चौरस मीटर धरलं, तर गाडीच्या माथ्यावर साठ टनांच्या आसपास दाब आहे. गाडी चपटी होत नाही, कारण तेवढाच दाब खालूनही आहे. उभ्या गाडीत दोन्ही बाजू समसमान. पण खालचा दाब फक्त एक टक्क्याने कमी करता आला, तर सहाशे किलोंचा भार गाडीवर येऊन बसेल. डाउनफोर्सचं सगळं कसब या दोन प्रचंड आकड्यांमध्ये छोटीशी तफावत पाडण्यात आहे.

साध्या गाडीची अडचण अशी, की ही तफावत उलट्या दिशेने पडते. गाडीची बाजूने दिसणारी आकृती आठवा. खाली सपाट, वर फुगीर: बॉनेट, काच, छत, मग उतरती मागची काच. छतावरून जाणारी हवा त्या फुगवट्याला धरून वळते आणि वेग घेते, आणि तिथला दाब कमी होतो. खालची हवा मात्र एक्झॉस्टचा पाइप, सस्पेन्शन, इंजिनाचे कोपरे यांत अडखळत जाते. परिणाम म्हणजे गाडी किंचित वर उचलली जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाला एखाद्या साध्या हॅचबॅकवर असं उचलणारं बल १५ ते २० किलोंच्या घरात असतं. हजार किलोच्या गाडीत ते जाणवत नाही. पण हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट तर बल चौपट. ताशी २०० ला तेच पाऊणशे किलोंवर जातं, आणि तेवढा भार बहुतेक मागच्या चाकांवरून कमी झाला तर गाडी अचानक लेन बदलताना मागून निसटते.

हे जर्मनीत प्रत्यक्ष घडलं. १९९८ साली आलेली पहिली ऑडी टीटी दिसायला गोलसर आणि देखणी होती. तिच्या मागच्या टोकाला हवा सोडणारी कडाच नव्हती. ऑटोबानवर ताशी १८० च्या पुढच्या वेगात झटकन वळताना झालेल्या अपघातांनंतर कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि डिकीच्या काठावर एक छोटा स्पॉयलर बसवला. सस्पेन्शनमध्ये बदल केले, स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही दिली. त्याआधी १९७२ साली पोर्शेने ९११ करेरा आरएस २.७ या गाडीच्या मागे बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड दिली होती, तीही याच कारणासाठी.

इथे स्पॉयलर आणि पंख यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण दुकानात दोन्हींना एकच नाव चालतं आणि काम मात्र दोघांचं वेगळं आहे. स्पॉयलर गाडीच्या अंगाला चिकटलेला असतो. त्याच्या खालून हवा जात नाही. मागच्या काचेवरून घसरत खाली येणाऱ्या हवेला तो अडवतो. अडलेली हवा त्याच्या पुढे मंदावते, तिथला दाब वाढतो आणि तो दाब डिकीवर पडतो. शिवाय हवा काठावरून नीट सुटते, गाडीच्या पाठीला धरून खाली वळत नाही. थोडक्यात, स्पॉयलर उचलणारं बल कमी करतो. तो गाडी दाबतो असं म्हणण्यापेक्षा तिला उचलू देत नाही, हे म्हणणं जास्त खरं. हॅचबॅकच्या छताच्या टोकाला कंपनीनेच दिलेली छोटी पट्टी याच कुळातली. ती चांगली आखलेली असेल तर मागे ओढणाऱ्या भोवऱ्यांचा पसारा थोडा आवरते आणि इंधनही थोडं वाचवते.

पंख वेगळा. तो गाडीपासून सुटा, खांबांवर उभा असतो आणि त्याच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा जाते. विमानाचा पंख उलटा केला की हा होतो. तो काम कसा करतो, याचं एक स्पष्टीकरण शाळेत सांगितलं जातं: पंखाच्या एका बाजूचा रस्ता लांब, म्हणून तिकडची हवा वेगाने जाते, कारण दोन्हीकडच्या हवेला टोकाला एकाच वेळी पोचायचं असतं. हे चुकीचं आहे. हवेच्या कणांनी एकाच वेळी पोचण्याचा करार केलेला नसतो, आणि प्रत्यक्षात ते एकाच वेळी पोचतही नाहीत.

खरं घडतं ते असं. पंख समोरून येणाऱ्या हवेला वर वळवतो. आडवी येणारी हवा पंखापाशी वळून मागे वरच्या दिशेने जाते. हवेला वर ढकललं, तर हवा पंखाला खाली ढकलणार. न्यूटनचा तिसरा नियम. हे ढकलणं पंखाला जाणवतं ते दाबाच्या रूपाने. पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर हवा दबते, दाब थोडा वाढतो. खालच्या फुगीर पृष्ठभागाला धरून वळताना हवा वेग घेते आणि तिथे दाब बराच घसरतो. भाराचा मोठा वाटा या खालच्या बाजूच्या शोषणातून येतो. म्हणून चांगल्या पंखाची खालची बाजू जास्त निगुतीने घडवलेली असते, आणि शर्यतीच्या गाडीत खांबही वरून, हंसाच्या मानेसारखे वाकवून, पंख टांगून धरतात, म्हणजे खालची बाजू मोकळी राहते. बाजारातले पुष्कळ पंख मात्र नुसती सपाट पट्टी असतात आणि खालच्या बाजूला स्क्रूंची रांग.

पंख जितका तिरपा कराल तितका भार वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. साध्या एकपदरी पंखात कोन पंधरा अंशांच्या आसपास गेला की खालच्या बाजूची हवा त्या वळणाला धरून राहू शकत नाही. ती सुटते, भोवरे होतात, भार एकदम घटतो आणि गाडीला मागे ओढणारा हवेचा रोध वाढतो. म्हणजे जास्त तिरपा पंख दिसायला आक्रमक आणि कामाला निरुपयोगी असू शकतो. त्यावर उपाय म्हणून शर्यतीच्या गाड्यांत पंखाचे दोन-तीन पदर करतात आणि मधे फट ठेवतात. फटीतून आलेली ताजी, वेगवान हवा पुढच्या पदराच्या खालच्या बाजूला चिकटून राहायला बळ देते. पंखाच्या दोन्ही टोकांना उभ्या पाट्या असतात, त्या शोभेच्या नव्हेत. वरची जास्त दाबाची हवा टोकावरून वळून खालच्या कमी दाबात घुसू नये, म्हणून त्या आडव्या येतात. आणि एक अगदी छोटी गोष्ट: अमेरिकन रेसर डॅन गर्नी याने १९७१ मध्ये पंखाच्या मागच्या काठावर काटकोनात एक बारीक पट्टी उभी केली. काही मिलिमीटरांची पट्टी, पण तिच्या मागे तयार होणारे भोवरे हवेला आणखी थोडं वर वळवतात आणि भार लक्षणीय वाढतो. आजही त्या पट्टीला गर्नी फ्लॅप म्हणतात. मला तरी या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

पंखाची कल्पना शर्यतीत रुळायला मात्र वेळ लागला. १९५६ मध्ये मायकेल मे या तरुण स्विस इंजिनिअरने आपल्या पोर्शेवर चालकाच्या डोक्यावर पंख बसवून ती नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीला आणली. आयोजकांनी तो काढायला लावला. १९६६ मध्ये टेक्ससच्या जिम हॉलने शापारल २ई या गाडीवर उंच पंख उभा केला आणि त्याचे खांब थेट मागच्या चाकांच्या आधाराला जोडले, म्हणजे भार स्प्रिंगांवर न पडता सरळ टायरवर उतरावा. फॉर्म्युला वनमध्ये १९६८ पासून पंख आले आणि वर्षभरात बारीक काठ्यांवर उंचच उंच झाले. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत, बार्सिलोनाच्या माँजुइक रस्त्यांवर, लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले. चालक ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघेही आदळले, रिंट जखमी झाला. त्यानंतर उंच, चाकांना जोडलेल्या पंखांवर बंदी आली. भार पेलणारा खांब भार देणाऱ्या पंखाइतकाच महत्त्वाचा असतो, हे त्या दिवशी दिसलं. दुहेरी चिकटपट्टीवर किंवा डिकीच्या पातळ पत्र्यात चार स्क्रूंनी बसवलेल्या पंखाकडे पाहताना ते आठवावं.

आता गाडीच्या पुढच्या टोकाकडे. बंपरवर येऊन हवा जवळजवळ थांबते, आणि थांबलेल्या हवेचा दाब वाढतो. ताशी १०० ला हा वाढीव दाब दर चौरस मीटरला चाळीसेक किलो होतो. बंपरच्या खाली एक आडवी फळी पुढे काढली, की हा दाब तिच्या वरच्या अंगावर बसतो आणि खालून वेगाने जाणारी हवा तिला खाली ओढते. हा स्प्लिटर. दीड मीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर पुढे आलेल्या फळीवर ताशी १०० ला वरून पाचेक किलो पडतात. खालचं शोषण वेगळं. बंपरच्या खाली उभी झालर लावली तर तिला एअर डॅम म्हणतात. ती गाडीखाली जाणारी हवाच कमी करते.

पण खरी खाण गाडीच्या पोटाखाली आहे. गाडीचं पोट आणि रस्ता मिळून एक बोगदा तयार होतो. हवा रुंद तोंडातून आत येते, मधल्या अरुंद भागातून जाते आणि मागे पुन्हा रुंद होत जाणाऱ्या भागातून बाहेर पडते. अरुंद भागातून तेवढीच हवा जायची तर तिला वेग घ्यावाच लागतो, आणि वेग घेते तिथे दाब उतरतो. मागचा वर चढत गेलेला भाग म्हणजे डिफ्यूझर. त्याचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. बाहेर पडताना हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका व्हायलाच हवा. डिफ्यूझरमध्ये हवा हळूहळू मंदावते आणि दाब हळूहळू वाढतो. मागे बाहेरचा दाब गाठायचा आहे आणि वाटेत दाब चढतो आहे, म्हणजे चढणीच्या पायथ्याशी, मधल्या अरुंद भागात, तो बाहेरच्यापेक्षा बराच खाली असणार. त्यामुळे डिफ्यूझर दिसतो मागे, पण त्याने येणारा भार पडतो गाडीच्या पोटावर. चढ एकदम तीव्र केला, तर इथेही हवा सुटते आणि खेळ संपतो.

लोटसचे कॉलिन चॅपमन आणि पीटर राइट यांनी १९७७ ची लोटस ७८ आणि १९७८ ची लोटस ७९ याच तत्त्वावर बांधल्या. बाजूच्या पेट्यांचं पोट उलट्या पंखाच्या आकाराचं, आणि कडांना रस्त्याला घासणाऱ्या झालरी, म्हणजे बाहेरची हवा आत शिरू नये. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती या गाड्यांवर विश्वविजेता झाला. त्याच वर्षी गॉर्डन मरे यांनी ब्रॅबमच्या बीटी४६बी गाडीच्या मागे मोठा पंखा बसवून पोटाखालची हवा सरळ शोषूनच घेतली. तिच्यावर निकी लाउडाने स्वीडनची शर्यत जिंकली, आणि ती गाडी पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये कधी उतरली नाही. झालरीखाली फट पडली की सगळा भार क्षणात नाहीसा होतो, हा या तंत्राचा धोका. म्हणून १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सपाट पोट सक्तीचं झालं. पोटाखालचे बोगदे थेट २०२२ मध्ये परत आले.

आपल्या गाड्यांना हे का लागू होत नाही, याचं उत्तर रस्त्यात आहे. पोटाखालचं शोषण तेव्हाच जोरात चालतं जेव्हा गाडी रस्त्यापासून काही सेंटिमीटरांवर असते आणि पोट गुळगुळीत असतं. आपल्याकडची साधी गाडी जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर वर असते, आणि गावागावातले गतिरोधक, खड्डे बघता तेवढी उंची लागतेच. अशा गाडीच्या मागच्या बंपरवर चिकटवलेला, उभ्या पात्यांचा प्लॅस्टिकचा ‘डिफ्यूझर’ हवेला काहीच करत नाही. त्याच्यापुढे एक्झॉस्टचा डबा लोंबतो आहे.

आता बल वेगाच्या वर्गाने वाढतं, हा नियम आपल्या घाटात लावून पाहू. त्याआधी शेजारचंच एक उदाहरण. जुन्नर तालुक्यात खोडदला, याच महामार्गापासून आत, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या चमूने त्या आखताना भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी वापरली. ज्या रेडिओ लहरी टिपायच्या त्यांची लांबी वीतभरापासून दोन-अडीच मीटरपर्यंत, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरची भोकं लहरींना दिसत नाहीत, पण वारा मात्र त्यातून निघून जातो. वाऱ्याचं बल कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. तिथे इंजिनिअरांना वाऱ्याचं बल टाळायचं होतं, इथे पंखवाल्याला तेच हवं आहे, सूत्र एकच. हवेची घनता, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले आकाराचा गुणांक, भागिले दोन.

पेठच्या उंचीवर आणि उन्हाच्या दिवशी हवेची घनता घनमीटरला साधारण १.१ किलो. पंख धरू १.२ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद, आणि गुणांक १.२, म्हणजे चांगला घडवलेला, स्वच्छ हवेत उभा असलेला पंख. ताशी ४० ला तो अडीच किलो भार देतो. ६० ला साडेपाच. १०० ला साडेपंधरा, म्हणजे गोणीचा जेमतेम तिसरा हिस्सा. २०० ला बासष्ट. त्याच वेळी ताशी १०० ला गाडीचा हवेतला रोध तो पाच-सात टक्क्यांनी वाढवतो, आणि तो रोध पेट्रोलमधून रोज वसूल होतो.

आता वळण घ्या ५० मीटर त्रिज्येचं. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.८ धरली, तर हजार किलोची गाडी निसटण्याच्या अगदी काठावर असेल ताशी ७१.३ किलोमीटरला. हा निसटण्याचा आकडा आहे, चालवायचा वेग नव्हे. या वेगाला पंख आठ किलो भार देतो. त्याने वळणाची मर्यादा ७१.३ वरून कितीवर जाते? ७१.६ वर. पाव किलोमीटरच्या जरा वर. स्पीडोमीटरचा काटा तेवढा फरक दाखवूही शकत नाही.

याउलट फॉर्म्युला वनची गाडी घ्या. आठशे किलोंच्या आसपास वजन आणि ताशी दोनशेच्या आगेमागे स्वतःच्या वजनाएवढा डाउनफोर्स. म्हणजे त्या वेगाला टायरवर दुप्पट भार आणि वळवायची गाडी मात्र तेवढीच. तिथे गणित पूर्ण पालटतं. डाउनफोर्स खोटा नाही. तो वेगाच्या वरच्या टोकाला राहतो, आणि आपला घाट खालच्या टोकाला आहे.

भाराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कुठे पडतो. मागचा पंख बहुधा मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा सेडानमध्ये तो मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे आहे आणि दोन आसांतलं अंतर अडीच मीटर आहे. पंखावर साडेपंधरा किलो पडले, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर साडेवीस येतात आणि पुढच्या चाकांवरून पाच कमी होतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, स्टिअरिंग पुढच्या चाकांना, ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्या चाकांना. ज्या चाकांवर सगळी भिस्त, तीच हा पंख हलकी करतो. घाटातल्या वेगाला हा परिणामही नगण्यच, पण दिशा चुकीची आहे. म्हणून शर्यतीत मागचा पंख सहसा एकटा बसवत नाहीत. पुढे पंख किंवा स्प्लिटर देऊन तोल सांभाळतात. तोल गेला की काय होतं, ते १९९९ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जगाने पाहिलं. मर्सिडीजच्या सीएलआर गाड्यांचं पुढचं टोक वेगात किंचित उचललं गेलं, पोटाखाली हवा शिरली आणि गाड्या हवेत उलट्या झाल्या. सरावात आणि वॉर्मअपला मिळून दोनदा, प्रत्यक्ष शर्यतीत एकदा. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

हॅचबॅकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिच्या छताच्या काठावर हवा गाडीला सोडून देते. मागच्या काचेशी उरते ती भोवऱ्यांची मेलेली हवा. तिथे, काचेच्या मध्यावर किंवा खाली बसवलेल्या पंखाला वळवायला वाहती हवाच मिळत नाही. तो भार देत नाही, रोध मात्र देऊ शकतो.

हे सगळं वाचून ज्याच्या मनात खरंच कुतूहल जागं झालं असेल, त्याला एक स्वस्त प्रयोग सांगतो. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे कागदी चिकटपट्टीने मागच्या काचेवर, डिकीवर, पंखाच्या दोन्ही बाजूंना ओळीने चिकटवा. गाडी दुसऱ्याने चालवावी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, कायद्याच्या वेगात. मागच्या किंवा शेजारच्या गाडीत बसलेल्याने चित्रीकरण करावं. जिथे धागे सरळ मागे ताणलेले दिसतात तिथे हवा चिकटून वाहते आहे. जिथे ते गरगरतात किंवा उलटे पुढे येतात तिथे हवा सुटली आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत हीच पद्धत वापरतात, फक्त तिथे गाडी उभी असते आणि वारा येतो. अवसरी खुर्दला, अगदी आपल्या शेजारी, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिथे ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकवली जाते. दरवर्षी देशभरातले विद्यार्थी स्वतः बांधलेल्या छोट्या शर्यतीच्या गाड्या घेऊन कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला उतरतात, आणि त्यातल्या कित्येक गाड्यांवर विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून घडवलेले पंख असतात. पंखांचं वेड असलेल्या पोराने त्या वाटेला जावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे त्याच्या वेडाला गणित मिळेल आणि पंखाला वेग.

रोजच्या गाडीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने दिलेला स्पॉयलर असू द्या, त्याने नुकसान नाही. बाहेरून बसवलेला मोठा पंख पेठ-अवसरीच्या वळणांवर काही देत नाही. तो सुटून मागच्या दुचाकीवाल्यावर पडू शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांना मर्यादा घालतं, ती कटकट वेगळी. तेच ५० मीटरचं वळण पावसात घ्या. चांगल्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड ०.५ धरली तर मर्यादा ताशी ५६ किलोमीटर येते. झिजलेल्या टायरची ०.३५ धरली तर ४७. फरक नऊ किलोमीटरचा; पंखाने दिला होता पाव किलोमीटर. टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीची एक आडवी खूण असते. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या खुणेच्या पातळीला आला असेल, तर पंखाचे पैसे टायरला लावा, आणि हवा महिन्यातून एकदा तपासून घ्या.